एक्केचाळिसावं पोतं

कोल्हापूर, रविवार रात्री

प्रिय दोस्ता,

आषाढातल्या भांडणानंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची लाज वाटते. इकडं सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

काल आपल्या बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या डाव्या पंखाची चाचणी घेतली. उद्यमनगरातल्या शेडमध्ये पंख उलटा करून घोडीला बोल्टनं आवळला आणि वर वाळूची पोती रचत गेलो. दोघं बसलेलं ५०० किलोचं ग्लायडर, उडताना ५.३ पटीचा भार, त्यातला निम्मा या पंखाचा. पंखाचं स्वतःचं वजन हिशोबात धरून २५ किलोची ३३ पोती, ती त्यानं पेलली. पण दीडपट भार तीन सेकंद सोसायला हवा, म्हणजे त्याच हिशोबानं ५१ पोती. मामांनी ४१वं पोतं अलगद टेकवलं आणि आतून 'कट्' झालं. अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तसं. पोरं गप्प. मामा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

पोती उतरवून पंखाची प्लायवुडची कातडी कापली. मुळापासून दोन हातांवर स्पारच्या, म्हणजे पंखाच्या कण्याच्या, पट्टीपासून प्लायवुड वीतभर सुटलेलं. चांगला सांधा तुटला तर लाकूड फाटतं, तुसं उपटून येतात. इथं एक तूस नाही. चिकटवायची इपॉक्सी काचेसारखी चकचकीत.

बोट फिरवलं आणि तुझा फोन आठवला. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो, पाण्यानं धुऊन मग घासायचं, त्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही, असं तू तीनदा सांगितलंस. मी नुसतं घासलं. वर तुलाच म्हणालो, पुण्यात बसून शहाणपणा शिकवू नकोस. चूक माझी होती रे.

आता उजव्या पंखाचं काय? तोही त्याच आठवड्यात, त्याच पावसात, याच हातांनी चिकटवलाय. पोरं म्हणतात, त्यालाही पोती लावू, टिकला तर झालं. मला ते पटत नाही. शाळेचं ग्लायडर ते, दिवसभर विंचच्या दोरानं ओढून वर चढणार आणि शिकाऊ पोरं ते धाडकन टेकवणार. आज ५१ पोती पेलणारा सांधा दोन पावसाळ्यांनी काय करील? २०१० साली ऑस्ट्रियात ब्लानिक ग्लायडरचा पंख हवेत मोडला. तिथं धातू थकला होता, आपल्याकडं लाकूड आहे, पण वर्षानुवर्षं शिकवून झिजणं दोन्हींच्या नशिबी आहे. पुढच्या सीटवर कुणाचंतरी अठरा वर्षांचं पोर बसणार. रात्री डोळा लागला नाही.

सीटवरून आठवलं. तू अजून १९६१ च्या रोहिणी ग्लायडरसारखं शेजारी-शेजारी बसवायचं म्हणतोस का? मी मागं-पुढंच म्हणणार. अंग अरुंद राहतं, हवा कमी अडते. शिवाय तुझ्या शेजारी बसून स्टिक हलवायला जागा उरते कुठं? हडपसरला ग्लायडिंग शिकवणारे आपले सरसुद्धा हेच म्हणाले होते!

लेकीचा निकाल काय लागला? नव्या घराची वास्तुशांत झाली का? वहिनींना नमस्कार सांग.

शनिवारी उजव्या पंखाची कातडी मी कापतोय, चाचणी न घेताच. चार महिन्यांचं काम जाईल, जाऊ दे. पण पहिला काप तुझ्यासमोर द्यायचाय. सकाळच्या गाडीनं ये. आमची ही तांबडा-पांढरा करणार आहे. आणि येताना तुझा तो दमट हवा मोजायचा काटा आण, आता तो शेडमध्येच टांगायचाय.

तुझाच