दिल्ली एअरपोर्टवरच्या त्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. जानेवारीतलं धुकं, टी-३ वर सगळ्याच फ्लाइट लटकलेल्या, मी आईला फोनवर सांगत होते की आज काही पुण्याला पोचत नाही, आणि शेजारून तुम्ही विचारलंत, "पुण्याच्या का?" तुमच्या मांडीवर हाताएवढी वही होती आणि समोर पाय पसरून झोपलेला माणूस त्यात जवळजवळ पूर्ण उतरला होता.

मला येत नाही म्हटलं मी, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली शाळेत असताना त्यानंतर ब्रशच धरला नाही. तुम्ही काही न बोलता एक पान फाडून दिलंत आणि जेल पेन. म्हणालात, चेहऱ्याच्या नादी लागू नकोस, आधी त्याची बॅग काढ, बॅग हलत नाही. मग बॅगेच्या मापाने खुर्ची, खुर्चीच्या मापाने माणूस. खरंच जमायला लागलं हो! मी जिला काढत होते ती बाई मध्येच उठून गेली तेव्हा मी पान चुरगाळणार होते तर तुम्ही हात धरलात, "जाऊ दे गं, दुसरं कोणीतरी बसेल, त्याचे पाय हिला लाव." त्या पानावर अजून शालीतलं डोकं त्या बाईचं आहे आणि खाली लेस सुटलेले बूट कुठल्यातरी कॉलेजच्या पोराचे.

सिक्युरिटीच्या रांगेत वही काढायची नाही, गेटवर पोचल्यावरच, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि शाईपेनाचं. वर गेल्यावर केबिनमधलं प्रेशर कमी होतं, पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, म्हणून पेन एकतर काठोकाठ भरायचं नाहीतर रिकामं, आणि निब कायम वरच्या बाजूला. नागपूरला जाताना अर्धं भरलेलं पेन तसंच पर्समध्ये टाकलं होतं, अख्खी पर्स निळी झाली, तेव्हा तुमचे शब्द आठवले.

आता 3 वह्या भरल्यात काका. गोव्याच्या मोपा एअरपोर्टवर सुतळीने बांधलेली काजूची खोकी काढली, त्यावर हात ठेवून बसलेली आजी नंतर. मुंबईच्या टी-२ चे ते वर जाऊन मोरपिसासारखे उलगडणारे खांब, त्यांच्याखालून मी कितीतरी वेळा नुसती बॅग ओढत गेले होते, परवा पहिल्यांदा खाली बसून 40 मिनिटं बघितले. फ्लाइट लेट झाली की आधी माझं डोकं दुखायचं, सारखा बोर्ड बघायचे, आता तसं होत नाही.

तुमचं बोर्डिंग अनाउन्स झालं आणि तुम्ही घाईत निघालात, पेन माझ्याकडेच राहिलं. दोनदा रिफिल बदललीये. हे वाचलंत तर नक्की कळवा, पेन परत द्यायचंय आणि वह्या दाखवायच्यात.