दारू सोडवायला माणूस कुठे न्यायचा, हे आम्हाला आधी कळू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. माहेरची दोन एकर द्राक्षबाग माझा धाकटा भाऊ बघतो. दोन वर्षांपूर्वी फळछाटणीच्या तोंडावर त्याचे हात इतके थरथरायला लागले की कात्री धरवेना. सकाळी उठल्या उठल्या एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय थरथर थांबायची नाही. त्याआधी आमचे सगळे करून झाले होते. पंढरपूरला नेऊन माळ घातली, आईच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणी सांगितलेली पुडी चहातून दिली. त्या रात्री त्याने भावजयीवर हात उचलला आणि ॲडमिट करायचेच, असे आम्ही ठरवले.

कुठे करायचे, हा प्रश्न रात्री साडेदहाला समोर आला. मोबाइलवर शोधले तर "१०० टक्के गॅरंटी", "पेशंटला न सांगता दारू सोडवा" असल्या जाहिरातींची रांग लागली. पहिल्या लागलेल्या नंबरवर एक गृहस्थ शांतपणे बोलले. पत्ता सांगा, गाडी पाठवतो, चार माणसे येतील, तुम्ही फक्त सही करा. पैसे आगाऊ. तीन महिने भेटायला यायचे नाही, फोनही करायचा नाही. त्या शांत आवाजाचा त्या वेळी इतका आधार वाटला की मी लगेच हो म्हणाले. तिथे डॉक्टर आहे का, हे विचारलेच नाही. ते विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

रात्री एक वाजता भावाला अंथरुणातून उचलून नेले. त्याने माझ्याकडे कसे पाहिले, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तो नाटक करतोय असे समजून त्याच्या अंगावर थंड पाणी ओतले गेले. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी लपून आम्हाला फोन केला म्हणून तो आज आहे. पहाटे आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात हलवले. तिसऱ्या दिवशी तो कॉटवर बसून दोन बोटांची कात्री करून हवेत छाटणी करत होता. आईला म्हणायचा, व्हॉल्व्ह बंद कर, पाणी सरीतून बाहेर चाललंय.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते आम्हाला त्या रात्रीच्या आधी कुणीतरी सांगायला हवे होते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की काही तासांतच थरथर, घाम, घालमेल सुरू होते. फिट येते ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत. भ्रम होणे, भलतेच दिसणे हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. यावर औषध आहे. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या मात्रा ठरवून देतात आणि काही दिवसांत उतरवत आणतात. ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, आणि ग्लुकोजचे सलाइन लावायचे असेल तर ते आधी देतात, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. औषधे साधीच आहेत, महागही नाहीत. फक्त ती देणारा आणि रात्री नाडी बघणारा माणूस तिथे असावा लागतो.

चहातल्या पुडीबद्दलही तेव्हाच कळले. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याच्या उपचारातले खरे औषध आहे. पण ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. आमच्या पुडीत काय होते, हे आजही आम्हाला माहीत नाही. असल्या पुड्या गावोगाव विकल्या जातात. त्यांचे नमुने तपासायला लावा, एवढे तरी उद्याच करता येईल.

साहेब, यातले बरेचसे कायद्याने आधीच ठरवून ठेवले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे मानसिक आजार धरलेले आहेत. कलम ६५ प्रमाणे नोंदणीशिवाय व्यसनमुक्ती केंद्र चालवता येत नाही. माणसाच्या मर्जीविना दाखल करायचे तर कलम ८९ प्रमाणे दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि मुदत ३० दिवसांची. कलम २६ त्याला भेटीचा आणि फोनचा हक्क देते. कलम ९५ कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करते. मी सही केलेल्या कागदावर यातले एक अक्षर नव्हते. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्याचा पहिल्या वेळचा दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत आहे. अशा ठिकाणी एका घराकडून तीन महिन्यांचे किती घेतात ते बघितले, तर हा दंड कुणाला अडवेल असे मला वाटत नाही.

कलम ५५ म्हणते की राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने नोंदणीकृत संस्थांची यादी ठेवावी आणि ती इंटरनेटवरही प्रसिद्ध करावी. माझे मागणे या यादीपाशीच आहे. नुसती नावे नकोत. मराठीत, तालुक्याप्रमाणे, मोबाइलवर रात्री साडेदहाला उघडेल अशी यादी हवी. प्रत्येक केंद्रापुढे लिहिलेले असावे: नोंदणी कधीपर्यंत आहे, रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का, दारू तोडल्यावरचे पहिले काही दिवस तिथेच काढता येतात की आधी दवाखान्यात न्यावे लागते, खर्च किती, भेट कधी, बायकांसाठी सोय आहे का, घरी सोडल्यावर पुढे किती महिने बोलावतात, शेवटची तपासणी कधी झाली. हीच यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा आणि आशाताईंच्या हातात द्या. गावात कुणाच्या घरात काय चालले आहे, हे त्यांना आधी कळते.

बायकांच्या सोयीचे मुद्दाम लिहिते. पिणाऱ्या बाईला घरचे आजारी समजत नाहीत, लपवतात. तिला घेऊन जायला जागा शोधली तर आमच्या भागात हाताशी काही लागत नाही.

केंद्र निवडणे म्हणजे नुसते चांगले आणि वाईट ओळखणे नाही, हे मला उशिरा समजले. प्रत्येकाला भरती व्हायची गरज नसते. ज्याची थरथर बेताची आहे, पूर्वी कधी फिट आलेली नाही, घरी लक्ष ठेवणारे माणूस आहे, त्याला डॉक्टरच्या देखरेखीत घरूनही दारू थांबवता येते. ज्याला आधी फिट किंवा भ्रम झाला आहे, लिव्हर खराब आहे, त्याने दवाखानाच गाठावा. पुढे राहून उपचार घ्यायचे तर किती दिवस, हा शेतकऱ्याच्या घरात वेगळाच प्रश्न असतो. फळछाटणी झाली की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणी एक दिवस चुकवता येत नाही. तेव्हा माणूस बाहेर राहिला तर वर्षाचे पीक जाते, आणि कर्जाचा हप्ता चुकला की तो परत बाटलीकडे वळतो. माझ्या भावाला शेवटी आम्ही माल उतरल्यावर केंद्रात पाठवले. तोवर तो जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे दर आठवड्याला जात होता, गोळ्या भावजय देत होती. मधल्या काळात तो दोनदा प्यायला. त्या डॉक्टरांनी त्याला हाकलले नाही. पुन्हा पिणे हा या आजाराचाच भाग आहे, असे म्हणून पुढची तारीख दिली. तारीख देणारा माणूस मिळणे किती मोठे असते, हे त्या दोन वेळी समजले.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या हातून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाने गावपातळीवर काम उभे केले आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसा लागत नाही. पण केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार १८० मध्ये एकाला. उरलेल्यांच्या घरी माझ्यासारखे कुणीतरी मोबाइलवर शोधत बसलेले असते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर मला त्या रात्री माहीत नव्हता. दारूच्या प्रत्येक दुकानाबाहेर हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लावायला सांगा. परवाने उत्पादन शुल्क खात्याकडे, केंद्रांचे अनुदान सामाजिक न्यायकडे, नोंदणी आरोग्याकडे, हे मला समजते. तुम्ही तिघे एका टेबलावर बसू शकता. आम्हाला तीन दारे माहीत नसतात.

माझा भाऊ गेले चौदा महिने प्यायलेला नाही. तरीही त्या रात्री त्याला उचलून नेताना सही मी केली, हे तो विसरलेला नाही आणि मीही नाही.

काल शेजारच्या वाडीतल्या एका बाईंचा फोन आला. नवरा सकाळपासून थरथरतोय, एका केंद्राची गाडी संध्याकाळी येणार आहे, तुमचा अनुभव आहे म्हणून विचारते, म्हणाल्या. मी गाडी थांबवायला सांगितली आणि १४४१६ लावून दिला. आज त्या पुन्हा विचारतील की दवाखान्यातून सोडल्यावर पुढे कुठे न्यायचे. मला ठाऊक असलेली एक-दोन नावे मी सांगेन. आपल्या खात्याची यादी मला त्यांच्या हातात कधी देता येईल, ते कृपया कळवावे.

आपली,
एक थोरली बहीण
तालुका तासगाव, जिल्हा सांगली