दहा मिनिटं लिंबाखाली : कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, नमस्कार.

मी सोलापूरची. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. कामाच्या वेळेत झाडाखाली थोडी भरपगारी विश्रांती मिळावी, हे मागायला लिहितेय. धुऊन-वाळवून आलेला टॉवेल टेबलावर पसरायचा, दोन्ही अंगांनी बघायचा. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, सुटलेली किनार दिसली की बाजूला काढायचा. सकाळी हात आणि डोळे बरोबर चालतात. तीन वाजले की नजर टॉवेलवर असते, पण दिसत काही नाही. डाग समोरून निघून जातो आणि पुढं पॅकिंगला सापडला की बोलणी आम्हाला बसतात.

आमच्या आवारात पाण्याच्या टाकीशेजारी एक लिंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड आहे. टाकीच्या गळतीवर खाली उंबराचं रोपटं वाढलंय. मागच्या पावसाळ्यात त्याच्यावर शिंपी पक्ष्यानं घरटं केलं. पानाच्या कडा चोचीनं टोचून, त्यातून कापसाचा तंतू ओवून त्यानं दोन पानं एकत्र शिवली. कापूस आमच्याच खात्यातला, वाऱ्यानं उडून गेलेला. मी रोज पाच-सात मिनिटं तिथं नुसती उभी राहायचे. मोबाइल नाही, बोलणं नाही. परत आल्यावर टेबलावरचा टॉवेल पुन्हा स्वच्छ दिसायचा. हे मी शंभर वेळा अनुभवलंय.

पण जेवणाची सुट्टी सोडली तर तिथं जायची परवानगी नाही. म्हणून आम्ही बाथरूमला जाते असं सांगतो. पन्नाशीच्या अक्कांना पंचविशीतल्या सुपरवायझरसमोर उभं राहून हे खोटं बोलावं लागतं. झाडाखाली उभं राहायला लघवीचं कारण! मला याचं फार वाईट वाटतं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

झाडाखाली डोकं हलकं का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये मांडलं, की मुद्दाम एकाग्र राहण्याची ताकद वापरून वापरून थकते. हलती पानं, पाखरं, ढग यांच्याकडं लक्ष आपोआप जातं आणि तेवढ्यात त्या थकलेल्या ताकदीला विसावा मिळतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 2015 मध्ये 150 विद्यार्थ्यांना एक कंटाळवाणं, एकाग्रतेचं काम दिलं आणि मध्येच 40 सेकंद संगणकावर गच्चीचं चित्र दाखवलं. काहींना फुलांच्या गवताची गच्ची, काहींना नुसतं काँक्रीट. गवत पाहिलेल्यांच्या चुका कमी झाल्या. नुसत्या चित्रानं, 40 सेकंदांत! माझं टेबल म्हणजे तीच परीक्षा आहे, फक्त रोज आठ तास चालणारी.

1948 च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, हे ठरवून दिलं. त्या अर्ध्या तासात डबा, हात धुणं, घरी एक फोन. झाडाकडं बघायला त्यात काही उरत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, हुतात्मा बागेत संध्याकाळी माणसं बसतात. आमची शिफ्ट सुटते तेव्हा घरी चूल वाट बघत असते. म्हणून झाड कामाच्या जागीच हवं आणि वेळही कामाच्या तासातलीच हवी.

सगळ्यात अवघड गोष्ट पगाराची. शिलाईच्या बायका नगावर काम करतात. दहा मिनिटं उठलं म्हणजे तेवढे टॉवेल कमी, तेवढे पैसे कमी. त्यांना नुसती परवानगी देऊन काय उपयोग? त्या मिनिटांचे पैसे धरले तरच त्या उठतील. मालकांचं नुकसान होईल असं मला वाटत नाही, कारण चुकलेला एक टॉवेल पुन्हा धुवायला, पुन्हा शिवायला दहा मिनिटांहून जास्त वेळ जातो.

तर मागणी अशी. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा मिनिटं, भरपगारी, जेवणाच्या सुट्टीशिवाय. प्रत्येक आवारात सावलीची देशी झाडं, लिंब, करंज, पिंपळ, आणि खाली बसायला ओटा. असलेलं झाड गाड्या वळवायला तोडू नये. आणि विडी वळणाऱ्या बायकांचाही विचार व्हावा. त्या घरातच मान खाली घालून हजार विड्यांचा हिशेब पुरा करतात, त्यांना सुट्टी द्यायला सुपरवायझरसुद्धा नाही. त्यांच्या वस्तीत झाडाखाली ओटा झाला तर विड्यांचं सूप घेऊन त्या तिथं बसतील.

आपण सोलापूरला आलात तर एप्रिलात या, दुपारी तीनला. आधी आमच्याबरोबर पत्र्याखाली टेबलाशी दहा मिनिटं उभे राहा, मग टाकीपाशी चला. तेव्हा लिंबाला मोहोर असतो.

आपली,
चेकिंग खात्यातली एक कामगार,
सोलापूर