मास्तरच्या कॅसेटी

जर्सी,
२३ जून २०२५

प्रिय बंडू,

फोन सोडून पत्र आलंय म्हणजे काहीतरी आहे, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. मास्तर गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी घाईत असल्यासारखा बोललो. घाई कसलीच नव्हती. तुझा आवाज कानावर पडला की तिसरा आवाज कुठाय असं होतं, आणि पुढं बोलवत नाही. रागावायचं तर रागव, पण शेवटपर्यंत वाचून रागव.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे. हिचं बरं चाललंय.

काल २२ जून. आपला म्हातारा, स्टेजवर उभं राहून हसवणारा जॉर्ज कार्लिन, जाऊन सतरा वर्षं झाली. मास्तर दरवर्षी म्हणायचा, यंदा न्यूयॉर्कच्या १२१व्या रस्त्यावर जाऊन म्हाताऱ्याच्या नावाच्या पाटीखाली उभं राहायचं. आणि दरवर्षी कुणाचं तरी काही निघायचं, बहुतेक वेळा माझंच. काल मी एकटा गेलो. १ नंबरची गाडी धरली, ११६ला उतरलो आणि चालत गेलो.

पाटी त्याच्या घरासमोर नाही रे. तो वाढला तो टप्पा ब्रॉडवे आणि ॲम्स्टरडॅम या दोन हमरस्त्यांच्या मधला, तिथंच त्याची शाळा आणि चर्च. २०१४ साली रस्त्याला त्याचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा चर्चनं हरकत घेतली आणि पाटी ॲम्स्टरडॅमच्या पलीकडं सरकली. मास्तरला हे सांगितलं असतं तर तो खूश झाला असता. मरून सहा वर्षं झालेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीत जागा मिळत नाही, म्हणजे त्याचं बोलणं अजून झोंबतंय! आणि गंमत बघ, त्या शाळेबद्दल म्हातारा स्वतः किती चांगलं बोलायचा. त्यांनी मला विचार करायला शिकवलं आणि त्या विचारानंच मी त्यांचा देव सोडला, असं त्याचं म्हणणं.

पाटीखाली पाच-सहा माणसं होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एक पांढऱ्या वेणीची बाई, एक निवृत्त बसचालक, दोन कॉलेजची पोरं, असेच. जो तो आपली आठवण सांगत होता. मला वाटलं होतं विनोद सांगतील. विनोद जवळपास कुणीच सांगितले नाहीत. आपण तेव्हा कुठं होतो, शेजारी कोण बसलं होतं, हेच सांगत होते सगळे. त्या बाईचा भाऊ व्हिएतनामहून परतलेला. १९९०चा तो शब्दांवरचा भाग आठवतोय ना? पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणायचे, दोन छोटे शब्द, तोफेच्या आवाजासारखे. मग प्रत्येक लढाईनंतर नाव लांबत गेलं आणि व्हिएतनामनंतर ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ झालं, आणि दुखणं त्या शब्दांखाली गाडलं गेलं. बाई म्हणाली, भावानं तो भाग तीनदा लावायला सांगितला, चौथ्यांदा उठून बाहेर गेला, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिच्याशी लढाईबद्दल बोलला.

मला तिथंच मास्तरचा मार्च महिना आठवला. तू आला होतास त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट, तुला कुणी सांगितली नसेल. डॉक्टर आला आणि लांबलचक बोलायला लागला, उपचारांची दिशा, आरामाला प्राधान्य, जीवनाची गुणवत्ता. मास्तरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “डॉक्टर, छोट्या शब्दात सांगा.” डॉक्टर गप्प. “दोन अक्षरं पुरतील,” मास्तर म्हणाला. आणि माझ्याकडं वळून मराठीत, “याला म्हाताऱ्याची कॅसेट दे रे ऐकायला.” वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. मी पण.

आता खरी गोष्ट. ही तुलाच कळेल.

त्या दोन पोरांतल्या एकानं फोन काढला आणि म्हणाला, हे ऐका. म्हाताऱ्याचा आवाज. तोच घोगरा, तोच तिरसट. टीव्हीवरच्या हल्लीच्या तमाशांबद्दल काहीतरी होतं, आणि मी हसलो. पोटातून हसलो, बंडू. मनात म्हटलं, हा भाग आपल्या ऐकण्यातून कसा राहिला? आणि मग लक्षात आलं की ज्या गोष्टीवर तो बोलतोय ती २००८ साली नव्हतीच.

तू वाचलं असशील. जानेवारी २०२४ मध्ये दोघा पॉडकास्टवाल्यांनी त्याच्या नावावर तासाभराचा नवा कार्यक्रम काढला होता, नाव ‘आय ॲम ग्लॅड आय ॲम डेड’. एआयच्या यंत्रानं त्याचं सगळं जुनं ऐकून हे तयार केलं, असं आधी म्हणाले. त्याची मुलगी केली कार्लिन कोर्टात गेली. मग त्यांच्याच बाजूनं सांगण्यात आलं की लिहिलं माणसानंच होतं. एप्रिलमध्ये तडजोड झाली आणि कार्यक्रम उतरवला गेला. पण पोरांच्या फोनमधून काय उतरतंय? केलीनं तेव्हा लिहिलं होतं ते मी परत काढून वाचलं. माणसांना पोकळीची इतकी भीती वाटते की तिच्यात जे पडलं ते तिथंच राहू द्यायला आपण तयार होत नाही, अशा अर्थाचं. ते वाचल्यापासून झोप नीट नाही.

कारण मास्तरच्या धाकट्यानं माझ्याकडं कॅसेटी मागितल्यात.

त्याच त्या. ९२ सालच्या. एचबीओवर न्यूयॉर्कचा कार्यक्रम बघितला, ‘पृथ्वी मजेत आहे, चाललीत ती माणसं’ असं म्हातारा म्हणाला तो, आणि मास्तर रात्री दोन वाजता खुर्चीवर चढला आणि सगळं मराठीत करायला लागला. तू टेपरेकॉर्डर धरला होतास आणि हसून इतका हलत होतास की अर्धं बोलणं ऐकूच येत नाही. टीव्हीवर कधीच बोलता येत नाहीत असे म्हाताऱ्याचे ते सात शब्द मराठीत आणायला बसला आणि तेवीसवर जाऊन म्हणाला, आपली भाषा श्रीमंत आहे, अमेरिकन कोर्टाला परवडणार नाही. खालचा शेजारी दार वाजवायला आला तेही त्यात आहे. तीन कॅसेटी, माझ्या कपाटात, तुझ्या अक्षरात नावं घातलेल्या.

पोराला त्यातून बापाचा आवाज काढायचाय. फोनवरचे निरोप त्याच्याकडं आहेत, पण त्यात मास्तर आजारी आहे. त्याला तरुण मास्तर हवाय. म्हणतो, काका, बाबा माझ्या मुलांशी बोलतील. पोर वाईट नाही रे. त्याचा आवाज हे बोलताना फुटत होता. आणि मी ‘बघतो’ म्हणालो. सरळ नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

रात्रभर विचार केला. म्हाताऱ्याच्या आवाजाला आपण हसायचो ते आवाजासाठी नव्हेच. १९७२ साली मिलवॉकीच्या जत्रेत तो ते सात शब्द बोलत असताना त्याची बायको ब्रेंडा पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर आली आणि कानात म्हणाली की पोलीस थांबलेत. उतरल्यावर अटक झाली. डिसेंबरात न्यायाधीशानं खटला काढून टाकला, पण स्टेजवर उभं असताना त्याला ते ठाऊक नव्हतं. लास वेगासच्या हॉटेलानं हाकललं तेव्हा तो कोट-टाय घालून टीव्हीवर चांगला पैसा कमावणारा माणूस होता. ते सगळं टाकून त्यानं दाढी वाढवली. रेडिओवर एका दुपारी त्याची तबकडी वाजली म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९७८ साली ५ विरुद्ध ४ असं रेडिओच्या विरोधात गेलं, आणि त्याच्या बोलण्याचा शब्दन् शब्द निकालपत्राला जोडला गेला. शिवाय तीन हार्ट ॲटॅक. तरी वर्ष-वर्ष गावोगाव फिरून एकेक वाक्य घासायचा, एकेक श्वास ठरवायचा. कुठलं वाक्य पडलं तर समोर बसलेल्यांच्या तोंडावर पडायचं, आणि तो तिथंच उभा असायचा. त्या पोराच्या फोनमधला आवाज कुणासमोर उभा होता?

मास्तरही त्या रात्री खुर्चीवर उभा होता, दुसऱ्या दिवशी मुलाखत असताना. गेलीच ती नोकरी.

आणि एक सांगायचंय. शोकसभेत मी बोललो ना, तुला आठवत असेल, “मास्तर वरून बघून हसत असेल.” तू खाली मान घातलीस. मला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन शेवटचा कार्यक्रम लावला, सांता रोझाचा, १ मार्च २००८. जायच्या चार महिने आधी म्हातारा तिथं हेच तर सांगत होता, कुणी गेलं की लोक म्हणतात ‘तो वर आहे, आपल्याकडं बघून हसतोय’, आणि त्या वाक्याची त्यानं चिरफाड केली होती. मास्तरला पाठ होता तो भाग. आणि मी त्याच्याच फोटोसमोर तेच बोललो. तू मान घातलीस ते बरोबर होतं. मला माफ कर, त्याला तर सांगता येत नाही.

त्याच कार्यक्रमात वहीतून मेलेल्यांची नावं खोडायचा नियम आहे, जवळचा माणूस असेल तर सहा आठवडे थांबायचं. मास्तरचे सहा आठवडे ३१ मेला संपले. नंबर अजून फोनमध्ये आहे. तुझ्याकडं आहे का?

२००१चं भांडण पण काल आठवलं. ९ आणि १० सप्टेंबरला त्यानं वेगासमध्ये तो कार्यक्रम रेकॉर्ड केला, ‘खूप माणसं मेली की मला जरा बरं वाटतं’ अशा नावाचा, आणि ११ तारखेनंतर तो बाजूला ठेवून नोव्हेंबरात दुसराच केला. तू म्हणालास म्हातारा भ्याला. मास्तर म्हणाला, भीती नाही, माणुसकी आहे, लोक ढिगाऱ्यात आपली माणसं शोधतायत. तू चार महिने त्याच्याशी बोलला नाहीस, आणि मी दोघांकडं जाऊन दोघांना हो म्हणत राहिलो. २०१६ साली ते रेकॉर्डिंग बाहेर आलं तेव्हा तू मास्तरला पाठवलंस, वर चिठ्ठी, “घे तुझी माणुसकी.” त्यानं ती चिठ्ठी शेवटपर्यंत पाकिटात ठेवली होती. वहिनींनी मला दाखवली. तुला दाखवणार होत्या, पण तू विमानाच्या घाईत होतास. आता मला वाटतं मास्तरचंच बरोबर होतं. कुठं थांबायचं हे त्या माणसाला कळत होतं, आणि यंत्राला तेच शिकवता येणार नाही. तुला पटणार नाही. भांड हवं तर.

तू घर बदलतोयस असं हिच्याकडून कळलं. घर म्हणजे सामान ठेवायची जागा, आणि तू बाहेर पडून आणखी सामान आणतोस, हे म्हातारा कधीच सांगून गेलाय. पुस्तकं टाकू नकोस, खुर्च्या टाक. लेकीचा निकाल ऐकून फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवतोस म्हणे, वहिनींनी तक्रार केलीय.

आता माझं म्हणणं असं. कॅसेटी पोराला द्यायच्या नाहीत. पण त्यालाच इथं बोलवायचं, मुलांना घेऊन. माझा जुना टेपरेकॉर्डर चालतो, काल रात्री पट्टा बदलला. बसवायचं आणि तिन्ही कॅसेटी लागोपाठ ऐकवायच्या, तुझ्या हसण्यासकट, शेजाऱ्याच्या दार वाजवण्यासकट, मास्तर मधेच वाक्य विसरतो आणि शिवी घालून परत सुरुवात करतो त्यासकट. त्याच्या मुलांना आजोबा ऐकू दे, विसरलेले, घसरलेले, खुर्चीवरून जवळपास पडलेले. इंग्रजीत सांगायला तू लागशील. मला ते मराठी पोरांना समजावून सांगता येत नाही, आणि त्यातले तेवीस शब्द तर मुळीच नाही.

पण अर्ध्या कॅसेटी तुझ्या. मी एकटा ठरवणार नाही. तुला वाटत असेल की पोराचा हक्क आपल्यापेक्षा मोठा, तर तसं लिही. मी वाद घालीन, पण ऐकेन. त्याला शनिवारी फोन करतो म्हणून सांगितलंय, तेव्हा शुक्रवारपर्यंत मला फोन कर. यावेळी नीट बोलेन.

तुझा,
भाऊ

ता. क. पहिल्या कॅसेटची दुसरी बाजू रिकामी आहे असं तू वर लिहिलंयस. रिकामी नाही. शेवटी चार मिनिटं आपण तिघं झोपलोय आणि मास्तर घोरतोय.