मन्या, क्रॉनला तुझं बॅशआरसी माहीतच नाही

मन्या,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज ऐकला. शिव्या वगळून जे उरलं त्यावरून एवढं कळलं की रिपोर्टची स्क्रिप्ट हाताने चालवली की मक्खन चालते आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली की ढिम्म हलत नाही. व्हॉइसवर सांगत बसलो तर अंधेरी ते बोरिवली पुरायचं नाही म्हणून लिहितोय. आधी एक कर, स्क्रिप्टला हात लावू नकोस, तिचा काही दोष नाहीये.

तू टर्मिनल उघडतोस तेव्हा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) गुपचूप तुझं प्रोफाइल, बॅशआरसी वगैरे सेटिंगच्या फाइली वाचून घेतं आणि पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी), भाषा, नोड (तुझी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) कुठेय असलं सगळं सेट होऊन बसतं, आपल्याला वाटतं हे मशीनचंच आहे. क्रॉन यातलं काहीही वाचत नाही. आपली रोजची बाई गावी गेली की बदली बाई येते ना, कामात चोख असते पण विम बार कुठल्या कपाटात हे तिला कोण सांगणार, तसंच. तिच्या हातात होम, लॉगनेम, शेल आणि एक एवढासा पाथ, ज्यात बहुतेक मशीनवर यूएसआरमधलं बिन आणि साधं बिन, बास. तू नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाकलायस म्हणजे तो तुझ्या होममध्ये कुठेतरी खोल दडलाय, मग 'नोड: नॉट फाउंड' येणारच.

आता तू म्हणशील, क्रॉनच्या लाइनीतच बॅशआरसी सोर्स करतो, म्हणजे वाचून घेतो. नको करूस. एक तर क्रॉनचं शेल एसएच असतं आणि उबुंटू लिनक्सवर ते म्हणजे डॅश नावाचं शेल, त्याला 'सोर्स' कळतच नाही, नुसता डॉट लागतो. आणि उबुंटूच्या बॅशआरसीत अगदी वरतीच लिहिलंय की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर, आणि एनव्हीएमच्या ओळी असतात तळाला. म्हणजे फाइल वाचली जाते, एरर नाही, आणि होत काहीच नाही. हे तर मला सगळ्यात चीड आणणारं वाटतं.

क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, वरती पाथ लिहिता येतो, पण तिथे डॉलर लावून जुना पाथ जोडायला जाऊ नकोस, क्रॉन ते उलगडत नाही, डॉलरसकट जसंच्या तसं ठेवतो. पूर्ण पाथ हाताने लिही. किंवा त्याहून बरं, एक छोटी रॅपर स्क्रिप्ट (तुझ्या स्क्रिप्टला बाहेरून चालवणारी) कर, त्यात लागतील तेवढीच सेटिंगं एक्स्पोर्ट कर आणि मग नोडला पूर्ण पत्त्याने बोलव. मी असंच करतो, सहा महिन्यांनी उघडलं तरी कळतं काय चाललंय.

तुझ्या फाइलच्या नावात तारीख आहे ना? डेट कमांडमधलं टक्क्याचं चिन्ह क्रॉनटॅबमध्ये नवी ओळ समजलं जातं, त्याच्या आधी बॅकस्लॅश लाव, किंवा तारीखही रॅपरमध्येच ढकल आणि मोकळा हो. आणि रिपोर्ट आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत असशील तर तुझा एसएसएच एजंट (लॉगिनची किल्ली उघडून धरणारा) क्रॉनला दिसत नाही, पासफ्रेज विचारायला समोर कोणी नसतं, तिथेही आपटेल.

वेळेचं पण बघ. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असेल तर रात्री दोनला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतं आणि तुझा साहेब तोपर्यंत चर्चगेट फास्टमध्ये लटकत रिपोर्ट शोधत असतो. क्रॉनटॅबमध्ये नुसतं टीझेड (टाइमझोनचं सेटिंग) लिहून उपयोग नाही, त्याने स्क्रिप्टला दिसणारा टाइम बदलतो, काम सुरू व्हायची वेळ नाही. रेड हॅट, फेडोरावाल्या क्रॉनीत (तिथलं क्रॉन) त्यासाठी वेगळं क्रॉन-टीझेड आहे, सगळ्या क्रॉनमध्ये ते मिळेल असं धरू नकोस.

डेटाबेसचा पासवर्ड मात्र कमांडच्या लाइनीत टाकू नकोस रे, पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) मारला की शेजारचा यूजरही वाचतो. वेगळ्या फाइलीत ठेव, परमिशन ६०० (फक्त तुलाच वाचता-लिहिता येईल), आणि रॅपरमधून ती वाच.

एरर कुठे जातात विचारत होतास. क्रॉन मेल करतो, पण तुझ्या त्या फुकटच्या मशीनवर मेल सर्व्हरच नसेल तर डेबियन-उबुंटू सिसलॉगमध्ये (सिस्टिमची नोंदवही) 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढं लिहून सगळं फेकून देतं. म्हणून आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलीत वळव.

आज एवढंच कर, क्रॉनमध्ये दर मिनिटाला एन्व्ह (असलेली सगळी सेटिंगं छापणारी कमांड) चालवून त्याचं आउटपुट टेम्पमधल्या एका फाइलीत टाक, मिनिटभर थांब, मग ती लाइन काढ (विसरू नकोस) आणि टर्मिनलमधल्या एन्व्हशी लावून बघ. काय काय गायब आहे ते दिसेल. फरक मला पाठव, पासवर्ड असतील ते खोडून.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या