तीन रकान्यांच्या वहीबद्दल

प्रिय ताई,

समोर उभी राहून बोलले असते तर दोन वाक्यांत रडले असते, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत.

गेल्या जूनमध्ये आम्ही तुमच्या शाळेत आलो तेव्हा आमचं पोर 'चावणारा मुलगा' म्हणूनच ओळखलं जायचं. आधीच्या शाळेनं दाखला हातात ठेवला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची स्वमग्नता (ऑटिझम) आहे, मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं असतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

तुम्ही आधी दातांच्या डॉक्टरांकडे पिटाळलंत. दाढ किडलेली निघाली. (सासूबाई तोवर दोनदा दृष्ट काढून मोकळ्या झाल्या होत्या.) मग ती वही. तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. तीन आठवडे नुसतं लिहिणं. मला तर वैताग आला होता. पण वाचायला बसलो आणि दिसलं, की तो बहुतेक वेळा फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या तासालाच चावत होता. आणि शिक्षा म्हणून त्याला व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी बसवत होते. शांत, गार जागा. त्याला तेच तर हवं होतं!

मग तुम्ही त्याच्या पट्ट्याला पिवळं कार्ड अडकवलंत: 'मला थांबायचंय'. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं म्हणालात, की चावून जे मिळतं तेच मागायची सोपी वाट दिली की चावणं ओसरतं. पहिल्या आठवड्यात तो ऊठसूट कार्ड काढायचा. वर्गशिक्षिका कातावल्या. तुम्ही म्हणालात, "आत्ता दर वेळी द्या, थांबायला नंतर शिकवू." मग पाच बोटं मोजून थांबणं आलं, आणि उतरवायच्या ओळीही दहाच्या तीन झाल्या.

अजून कधीतरी चावतो. दिवाळीआधी तुमच्याच मनगटावर वळ उठला होता. तुम्ही बांगड्या पुढे सरकवल्यात आणि वहीत नोंद केलीत. मी पाहिलं होतं, ताई.

परवा सासूबाई त्याला अभ्यासावरून सुनावत होत्या. त्यानं कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. आणि त्या चक्क थांबल्या.

तुमची,
त्याची आई