तक्रार पत्र: भिंतींचे पोपडे ओलीमुळे नव्हेत, न खरवडलेल्या डिस्टेंपरमुळे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
घरातील रंगकाम विभाग

विषय: रंगकामातील दोष आणि ‘भिंतीत ओल’ हे कारण देऊन नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपल्या पाहणी अहवालात एकच वाक्य आहे: ‘भिंतीत ओल असल्याने पोपडे सुटले आहेत, सबब वॉरंटी लागू नाही.’ हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तो का चुकीचा आहे, हे भिंतीवरूनच दाखवता येते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत. कराराची, बिलाची आणि अहवालाची प्रत सोबत आहे.

पोपडे सुटले आहेत ते दोन बेडरूमच्या मधल्या भिंतीवर. या भिंतीत पाण्याचा एकही पाइप नाही, तिची कुठलीही बाजू बाहेर उघडत नाही आणि पोपडे जमिनीपासून ४ ते ७ फूट उंचीवर आहेत. जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते, छताची गळती वरून खाली उतरते. मधेच चार फुटांवर सुरू होऊन सातव्या फुटावर थांबणारी ओल कशी असेल, याचा खुलासा अहवालात नाही. उलट बाथरूमला लागून असलेली भिंत, जिथे ओलीची शंका सगळ्यात आधी यायला हवी, ती पूर्ण शाबूत आहे. कारण सरळ आहे. त्या भिंतीची जुनी पुट्टी (रंगाआधी भिंत गुळगुळीत करणारा लेप) पोकळ वाजत होती म्हणून आपल्या कारागिरांनी ती प्लास्टरपर्यंत खरवडली होती. मधल्या भिंतीवर मात्र जुने डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) तसेच ठेवून त्यावर पुट्टी ओढली गेली.

याचा पुरावा पोपड्याच्या मागच्या बाजूलाच आहे. पोपडा उलटा करून पाहिला तर पुट्टीला जुन्या फिकट हिरव्या डिस्टेंपरची भुकटी चिकटलेली दिसते, आणि जिथून तो सुटला तिथे भिंतीवरही तीच हिरवी भुकटी आहे. म्हणजे नवे थर प्लास्टरपासून सुटलेले नाहीत. डिस्टेंपरचाच थर मधून फाटला आहे. ओलीने सुटलेला पोपडा असा दिसत नाही. त्यात आधी फुगे येतात, मागे पांढरा खार फुटलेला असतो, पुट्टी बोटाने दाबली तरी मऊ लागते आणि आतले प्लास्टर भुसभुशीत होऊन झडते. इथे खाराचा कण नाही आणि प्लास्टर नखाला दाद देत नाही. पोपडे व त्यांच्या मागच्या बाजूचे जवळून घेतलेले फोटो जोडले आहेत. पोपडेही जपून ठेवले आहेत, प्रत्यक्ष येऊन पाहावेत.

डिस्टेंपरवर पुट्टी का टिकत नाही, हे आपल्या सुपरवायझरला ठाऊक असायला हवे. डिस्टेंपरमध्ये कणांना बांधून ठेवणारा चिकटपणा मुळात कमी, आणि तो जुना झाला की हात फिरवताच पावडर येते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत ओलसर करावी लागते. त्या पाण्याने हा थर आणखी सैल होतो. मग पुट्टी सुकताना आक्रसते आणि हा सैल थर भिंतीपासून ओढून घेते. पुट्टी जितकी जाड, तितकी ही ओढ जास्त. पिशवीवर दोन हात (थर) मिळून जास्तीत जास्त दीड मिलिमीटर जाडी दिलेली असते. आमच्याकडचे पोपडे मोजपट्टीवर अडीच ते तीन मिलिमीटर भरतात. भिंतीतले खोलगट भाग प्लास्टरने भरून घेण्याऐवजी पुट्टीनेच समतल केले, हे त्यावरून उघड आहे. काम झाले त्या दिवशी अशी भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसते, त्यामुळे ग्राहकाला तक्रार करायला जागाच राहत नाही.

आता ओलीच्या मोजमापाबद्दल. आपल्या प्रतिनिधींनी दोन सुयांचे मीटर रंगावर टेकवून आकडा वाचला. ही मीटरे बहुधा लाकडासाठी जुळवलेली असतात. प्लास्टरवर त्यांचा आकडा टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो. कोरडी म्हणून माहीत असलेली भिंत आणि संशयित भिंत यांची तुलना करायची असते. क्षार असले तरी आकडा वर जातो. अहवालात तुलनेचा एकही आकडा नाही. आम्ही साधी चाचणी केली: पोपडा निघून उघड्या पडलेल्या जागी १८ इंच चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपने बंद करून २४ तास ठेवले. भिंतीत ओल असती तर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असते. एकही थेंब नव्हता. आपण ही चाचणी आमच्यासमोर पुन्हा करावी. शिवाय काम सुरू होण्यापूर्वी आपल्याच सुपरवायझरने भरलेल्या तपासणी पत्रकात ‘ओल: नाही’ असे लिहून सही केली आहे. तेव्हा नसलेली ओल पाइप नसलेल्या भिंतीत नंतर कुठून आली?

दिसणाऱ्या पोपड्यांपुरता हा प्रश्न नाही. त्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेले तर बराचसा भाग पोकळ वाजतो. पोकळ भागाची हद्द पेन्सिलने आखून फोटो काढले आहेत. आपण सुचवलेले ‘सुटलेल्या जागी पॅच मारून टचअप’ म्हणूनच आम्ही नाकारत आहोत. पॅचची कड ज्या पुट्टीवर टेकणार, तीच सुटायला आलेली आहे.

रंगाच्या प्रमाणाबाबतही खुलासा हवा. दारे, खिडक्या आणि कपाटे वगळून इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) लावलेले क्षेत्र आमच्या मोजणीने १,२०० चौरस फूट आहे. डब्यावरच्या माहितीप्रमाणे एका लिटरमध्ये दोन हात मिळून १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे साडेआठ ते दहा लिटर रंग लागायला हवा. बिलात दहा लिटर आहे. घरात राहिलेले रिकामे डबे मात्र एकूण सहा लिटरचेच. सहा लिटरमध्ये १,२०० चौरस फूट म्हणजे लिटरमागे २००. असे दोनच प्रकारे जमते: पाणी प्रमाणाबाहेर घालून, किंवा दुसरा हात न मारता. डब्यावर लिटरला जास्तीत जास्त ४०० मिली पाणी सांगितले आहे. साइटवर मापाचे भांडेच नव्हते, पाणी अंदाजाने पडत होते. पातळ रंग रोलरला हलका जातो, काम भरभर उरकते. पण थर पातळ राहतो, मागचा रंग डोकावतो आणि ओल्या कापडाने डाग पुसायला गेले की कापडाला रंग लागतो. रंग पूर्ण पक्का व्हायला साधारण चार आठवडे लागतात हे आम्ही धरून चाललो आहोत. ती मुदत उलटून गेल्यावरही कापडाला रंग येतोच आहे.

मोजणीचेही तसेच. लहान बेडरूम १२ बाय १० फूट, उंची ९ फूट. भिंतींचे क्षेत्र ३९६ चौरस फूट, आणि बिलातही ३९६. दाराचे २१, खिडकीचे १६ आणि भिंतीत बसवलेल्या कपाटामागचे ५६, जिथे ब्रश पोहोचलाच नाही, असे ९३ चौरस फूट वजा व्हायला हवे होते. करारात ‘प्रत्यक्ष रंगवलेले क्षेत्र’ असे शब्द आहेत. एकाच खोलीत बिलातला जवळजवळ चौथा हिस्सा जास्तीचा आहे. इतर खोल्यांचा तक्ता जोडला आहे.

आता शेड निवडीबद्दल. आपण ‘रंग सल्ला’ या सेवेचे वेगळे पैसे घेता, म्हणून त्यातल्या चुकाही आपल्याच. सल्लागारांनी एका बेडरूमची शेड टॅबलेटच्या पडद्यावर ठरवली. पडदा स्वतः प्रकाश देतो, भिंत फक्त आलेला प्रकाश परतवते. पडद्यावरून रंगाची ओळख होते, निवड करता येत नाही. करारानुसार भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना दाखवायचा होता. तो दाखवला, पण जुन्या क्रीम रंगावर आणि एकच हात मारून. खालचा क्रीम त्यातून दिसत होता, त्यामुळे राखाडी शेड उबदार वाटली. प्रायमरवर दोन हात झाल्यावर तीच शेड जांभळट निघाली. या बेडरूममध्ये थेट ऊन येत नाही. आकाशाचा निळसर उजेड राखाडीतला जांभळा अंश वर काढतो. नमुना प्रायमरवर, दोन हात मारून, खिडकीसमोरच्या आणि खिडकीशेजारच्या अशा दोन भिंतींवर लावला असता आणि दिवसा व रात्री घरातलेच दिवे लावून पाहिला असता, तर हे आधीच कळले असते.

पॅसेजला खिडकी नाही. तिथे सुचवलेल्या शेडचा प्रकाश परतवण्याचा आकडा शेडकार्डाच्या मागे ३८ दिला आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला ३८ टक्केच परत येतो. अशा जागी ६० च्या वरची शेड सुचवणे सल्लागाराचे काम होते. हा आकडा पाहायला पडद्याचीही गरज नव्हती.

हॉलच्या मोठ्या भिंतीवर खिडकीतून तिरपा उजेड येतो. तिथे सॅटिन (हलकी चकाकी असलेले) फिनिश ‘प्रीमियम’ म्हणून दिले. चकाकी जितकी जास्त तितका प्रत्येक उंचसखलपणा उठून दिसतो, आणि आज दुपारी त्या भिंतीवर पुट्टीच्या पात्याचा एक-एक फटका मोजता येतो. तिथे मॅट (बिनचकाकीचे) हवे होते. महाग डबा हा योग्य डबा असतोच असे नाही, आणि हे सांगायलाच सल्लागार असतो.

त्याच भिंतीवर मधोमध शेड बदललेली दिसते. दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर शेडचा कोड एकच आहे, पण बेसचा (ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगाचा) बॅच नंबर आणि टिंटिंगची (मशीनने छटा मिसळल्याची) तारीख वेगळी. मशीनमधून आलेल्या दोन डब्यांत थोडा फरक राहू शकतो, हे मान्य. म्हणूनच सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मग लावायचे असतात. ते जमत नसेल तर डबा निदान कोपऱ्यात बदलायचा, भिंतीच्या मध्यावर नाही. आणि कडांचे कटिंग (रोलर पोहोचत नाही तिथे ब्रशने रंगवणे) सगळ्या खोलीत आधी उरकून, ते वाळल्यावर रोलर फिरवल्याने छताखाली गडद पट्टी उमटली आहे. कटिंग आणि रोलर एकाच भिंतीवर लागोपाठ, कड ओली असतानाच व्हायला हवे.

मोहरी पिवळ्या भिंतीवर जुना निळा अजून हिरवट झाक देतो. गडद शेडच्या बेसमध्ये झाकणारे पांढरे पिगमेंट नाममात्र असते आणि पिवळे पिगमेंट मुळात कमी झाकणारे. त्यामुळे खाली फिकट पिवळी छटा दिलेला प्रायमर आणि गरजेप्रमाणे तिसरा हात धरायलाच हवा होता. आपल्या कोटेशनमध्ये सर्व भिंतींना सरसकट ‘दोन हात’ लिहिले आहेत.

दारांवर आधीचा चकचकीत ऑइल पेंट होता. त्यावर न घासता पाण्याचा इनॅमल मारला. ब्लेडने दोन मिलिमीटर अंतराची जाळी कापून टेप लावून ओढली तेव्हा अर्ध्याहून जास्त चौकोन टेपला चिकटून आले. कडीजवळ तर नखाने सालच निघते. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारून, धूळ पुसून, पकड देणारा प्रायमर दिल्याशिवाय तिथे कुठलाही रंग टिकणार नाही. स्विचबोर्डांच्या कडा आणि खिडक्यांच्या काचांवरचे शिंतोडे ही किरकोळ बाब, पण तीही बाकी आहे. छताचे आणि ग्रिलचे काम मात्र व्यवस्थित आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

कारागिरांना दोष देऊन हे प्रकरण मिटवू नये. आपल्या वेळापत्रकात तीन खोल्या चार दिवसांत बसवल्या होत्या. खरवडणे, धुऊन सुकवणे, पुट्टीचे दोन हात व रात्रभर वाळवणे, घासणे, प्रायमर, मग चार ते सहा तासांच्या अंतराने रंगाचे दोन हात: तिन्ही खोल्या एकत्र चालवल्या तरी याला आठवडा लागतो. चार दिवसांत बसवायचे तर जे रंगाखाली झाकले जाते तेच वगळावे लागणार, आणि नेमके तेच वगळले गेले. दुरुस्तीला तेच कारागीर आले तरी आमची हरकत नाही, वेळापत्रक मात्र तेच नको.

आमची मागणी अशी. मधली भिंत पूर्ण प्लास्टरपर्यंत खरवडावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि सुकल्यावर काळे कापड फिरवून पावडर येत नाही हे दाखवावे. खोलगट भाग आधी प्लास्टरने भरावेत, मग दीड मिलिमीटरच्या आत पुट्टी, १८० आणि नंतर ३२० नंबरने घासणी, बाजूने दिवा धरून तपासणी, प्रायमर आणि रंग. खरवडणे, पुट्टी आणि प्रायमर या प्रत्येक टप्प्यानंतर आमची सही झाल्याशिवाय पुढचा थर लावू नये. हॉलची मोठी भिंत एकाच बॅचच्या मॅट रंगाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी, पिवळी भिंत वर लिहिल्याप्रमाणे, दारेही तशीच. राखाडी बेडरूम आणि पॅसेजसाठी नव्याने नमुने लावून शेड ठरवावी. बाकीच्या भिंतींना कमी पडलेला दुसरा हात द्यावा. डबे आमच्यासमोर उघडावेत आणि पाणी मापाने घालावे. जास्त लावलेल्या क्षेत्राचे, न वापरलेल्या चार लिटर रंगाचे, न झालेल्या खरवडण्याचे आणि रंग सल्ल्याचे पैसे परत करावेत. सामान हलवणे, झाकणे आणि घासणीची धूळ साफ करणे आपल्याकडे राहील.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संयुक्त पाहणीची तारीख लेखी कळवावी. पाहणीला येणाऱ्या व्यक्तीकडे निर्णयाचा अधिकार असावा आणि सोबत स्क्रेपर, प्लास्टिक व टेप असावी. तोपर्यंत राखून ठेवलेली बिलाची शेवटची रक्कम आम्ही देणार नाही. करारात ती ‘काम समाधानकारक पूर्ण झाल्यावर’ देय आहे.

आपले,
करारातील ग्राहक

सोबत: करार, कोटेशन, बिल व पाहणी अहवालाच्या प्रती, सुपरवायझरच्या सहीचे तपासणी पत्रक, खोलीनिहाय मोजणीचा तक्ता, पोपडे, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, दारांवरील टेपची चाचणी आणि पोकळ भागाच्या आखणीचे फोटो.